लेकराची स्वतःची आणेवारी



खरिपाची पिके भरात आली की गावात आणेवारीची चर्चा सुरू होते. कागदोपत्री आता तिला पैसेवारी म्हणतात, पण पारावर अजून आणेवारीच चालते. आधी नजरेने केलेली, मग आखून घेतलेल्या चौकोनातले पीक कापून, झोडून, वजन करून काढलेली. या दोहोंत किती तफावत पडते हे मी तुम्हांला सांगायला नको. शेतकऱ्याच्या स्वतःच्या अंदाजाचे तर विचारूच नका. तेच रान, तीच कपाशी. पंचनाम्याला माणसे आली की एकरी चार क्विंटल, आणि पोराच्या सोयरिकीची बैठक बसली की एकरी चौदा! यात लबाडीपेक्षा धास्ती जास्त असते. समोर कोण बसले आहे आणि आपले काय जाणार आहे, त्यावर आकडा ठरतो.

आज पिकाची आणेवारी बाजूला ठेवू. घरातले लेकरू मनातल्या मनात स्वतःची जी आणेवारी करते, तिच्याविषयी बोलायचे आहे. मला काय येते, काय येत नाही, चार पोरांत मी कसा, हा तो हिशेब. त्यातही अशा लेकरांचा, ज्यांना आपण द्वाड, व्रात्य, हाताबाहेर गेलेले म्हणून मोकळे होतो. शेतीच्या पानावर हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण मी बांधावर बोंडअळीविषयी बोलत असतो आणि जाताना बाप हळूच विचारतो, "साहेब, या पोराचं काय करावं?" शिवाय या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका कपाशीच्या गावात आमची शेतीशाळा होती. मी पाठीवरचा पंप मांडून नोझल कसे निवडावे ते दाखवत होतो. पंपात नुसते पाणी होते. पुढे बसलेले दहा वर्षांचे एक पोर सारखे उठत होते, मध्येच बोलत होते, शेजारच्याला चिमटे काढत होते. "मला येतो जोडता! मी घरी रोज जोडतो!" असे त्याने चार वेळा ओरडून सांगितले. पाचव्या वेळी मी म्हणालो, "ये बाबा, तू दाखव." माझ्या बोलण्यात खोच होती, ती मोठ्यांना कळली, त्यालाही कळली असणार. पोर धावत आले. घाईघाईत त्याने नळी बसवली, पण वायसर खालीच राहिले. दांडा मारताच सांध्यातून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट त्याच्या तोंडावर. चाळीस माणसे हसली. सगळ्यांत आधी मी हसलो.

"पंपच भंगार हाय!" असे ओरडून त्याने नळी आपटली आणि पळाला. मी मनात म्हणालो, बरे झाले, खोड मोडली. संध्याकाळी साडेसातला त्याच्या बापाचा फोन आला की पोरगा अजून घरी नाही. मी मोटारसायकल काढून परत गेलो. बॅटऱ्या घेऊन माणसे शिवारात फिरत होती. शेवटी तो सापडला विहिरीच्या काठावर, आत पाय सोडून बसलेला. त्या विहिरीला कठडा नव्हता.

बापाने हात उगारला, पण आई मध्ये आली. मग तो माणूस ओट्यावर बसला आणि मला म्हणाला, "मारून मारून माझे हात दुखले, साहेब. पण ह्याचं खोटं बोलणं जात नाही. पंप येतो म्हणतो, गणितात पहिला हाय म्हणतो, वर्गातली समदी पोरं दोस्त हायेत म्हणतो. अन् दोस्त एकबी नाही."

पुढच्या आठवड्यात मी त्या बाप-लेकाबरोबर जिल्हा रुग्णालयात गेलो. माझेच मन खात होते. तिथे मानसोपचार विभागातल्या ताईंनी तास-दीड तास दिला. आधी पोराचे कान आणि डोळे तपासून आणायला लावले, हे मला फार आवडले. ज्याला नीट ऐकू येत नाही तो सांगितलेले करणार कसा? आणि आपण त्याला ऐकत नाही म्हणून झोडपतो! कान-डोळे ठीक निघाले. मग घरचे विचारले, शाळेतून गुरुजींचा कागद मागवला. दोन-तीन फेऱ्यांनंतर त्यांनी सांगितले की याला अतिचंचलता हा विकार आहे. डॉक्टर लोक त्याला एडीएचडी म्हणतात. लक्ष टिकत नाही, हातपाय स्थिर राहत नाहीत, विचार करण्याआधी कृती होऊन जाते. हे निदान एका दिवसाच्या मस्तीवरून होत नाही. लक्षणे बारा वर्षांच्या आतली असावी लागतात, निदान सहा महिने टिकलेली असावी लागतात, आणि घर-शाळा अशा दोन्हीकडे दिसावी लागतात. घरी गुणी आणि शाळेतच द्वाड असेल तर आधी शाळेत काय चालले आहे ते बघावे.

मी विचारले, "पण ताई, एवढं खोटं का बोलतो?" त्या म्हणाल्या, "तो खोटं बोलतो असं तुम्ही धरून चालला आहात. पुष्कळदा अशा मुलाला ते खरंच वाटत असतं." मला हे पटले नाही. म्हणून मी त्यांच्याकडून माहिती घेऊन थोडे वाचन केले. मी मातीचा माणूस, मनाचा वैद्य नव्हे. पण कृषी महाविद्यालयात प्रयोग कसा मांडतात ते शिकलो आहे, तेवढ्या भांडवलावर सांगतो.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर विद्यापीठ आहे. तिथल्या सुझन हार्टर या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने 1982 साली मुलांची स्वतःविषयीची समजूत मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली आणि 1985 साली ती वाढवली. वाढवलेल्या पद्धतीत 36 प्रश्न आहेत. बाईंचे म्हणणे असे, की मूल स्वतःला सरसकट हुशार किंवा सरसकट ढ समजत नसते. शाळेचा अभ्यास वेगळा, सवंगड्यांतला मान वेगळा, खेळ वेगळा, दिसणे वेगळे, वागणूक वेगळी. या पाचांची आणेवारी मूल वेगवेगळी करते, आणि शिवाय माणूस म्हणून मी कसा आहे, हे सहावे. आपणही एकाच गटातल्या वरच्या आणि खालच्या तुकड्याच्या मातीचे नमुने एका पिशवीत भरत नाही, तसेच हे.

त्यांची विचारण्याची रीत तर आपण घरी उचलावी अशी आहे. "तुला गणित येतं का?" असे सरळ विचारले की कोणतेही पोर "येतं" म्हणणार, जसे आपण सोयऱ्यापुढे चौदा क्विंटल म्हणतो. म्हणून त्यांनी प्रश्न दोन तोंडांचा केला. आपल्या भाषेत सांगायचे तर असा: काही पोरांचं गणित झटकन सुटतं, अन् काही पोरांना वेळ लागतो, तू कोणत्या पोरांसारखा? (हे वाक्य माझे आहे, धाटणी तिकडची.) मग त्यातही अगदी तसाच की थोडाफार, हे विचारायचे. यात गंमत अशी की दोन्ही बाजूंना पोरे आहेत. वेळ लागणारा आपण एकटेच नाही हे प्रश्नातच सांगून टाकले आहे, त्यामुळे खरे बोलायची लाज निम्मी होते. हीच प्रश्नावली थोडी बदलून गुरुजींकडूनही भरून घेता येते. मुलाचा आकडा आणि गुरुजींचा आकडा शेजारी ठेवला की नजर आणेवारी आणि कापणीची आणेवारी, दोन्ही समोर येतात.

लहान वयात सगळीच मुले स्वतःला फुगवून सांगतात. पाच वर्षांचे पोर "मी बैल उचलतो" म्हणाले तर त्याला दवाखान्यात नेऊ नका. साधारण आठव्या वर्षानंतर मूल इतरांशी ताडून पाहायला लागते आणि आकडा खाली येतो. अतिचंचल मुलांत पुष्कळांचा तो खाली येत नाही. बेट्सी होझा या बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तो 2002 आणि 2004 साली प्रसिद्ध झाला. अशा मुलांनी स्वतःला दिलेला आकडा आणि त्यांच्या शिक्षकांनी दिलेला आकडा त्यांनी ताडून पाहिला. ही मुले इतर मुलांपेक्षा स्वतःला जास्त फुगवून सांगत होती. आणि सगळ्यांत जास्त कुठे? जिथे ती सगळ्यांत कच्ची होती तिथे! अभ्यासात मागे असलेली मुले अभ्यासाबद्दल, भांडखोर मुले आपल्या वागणुकीबद्दल आणि दोस्तीबद्दल. आमच्या त्या पोराचे गणित आणि दोस्त, दोन्ही आठवले का? मला वाचतानाच ते आठवले आणि पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले.

दुसऱ्याचे काम जोखताना मात्र अशी मुले चुकत नाहीत, असेही पुढच्या एका अभ्यासात दिसले. म्हणजे नजर अधू नाही, फक्त स्वतःच्या रानाकडे वळली की बिघडते. आपल्यापैकी कितीकांचे तसेच आहे! शेजाऱ्याच्या कपाशीतले तण आपल्याला रस्त्यावरून दिसते.

असे का होते, यावर जाणकारांचे एकमत नाही. काही म्हणतात, मेंदूचा जो भाग आपली चूक आपल्याला दाखवतो, तोच अशा मुलांत कमी काम करतो. काही म्हणतात, हे कुंपण आहे. दिवसभर घरात, शाळेत, वाटेत ज्याला "तुला काही येत नाही" हेच ऐकायला मिळते, तो मनाभोवती काटेरी फांद्या लावून घेतो. दोन्ही थोडे थोडे खरे असावे, असे मला वाटते.

कुंपणाच्या बाजूने एक प्रयोग आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटला. 1997 साली डीनर आणि मिलिच या दोघांनी तो प्रसिद्ध केला. अतिचंचल मुलगे आणि साधे मुलगे यांना अनोळखी मुलाबरोबर खेळायला बसवले. निम्म्या मुलांना मध्येच सांगितले की तुझ्या जोडीदाराला तू आवडलास. शेवटी विचारले, तुझे कसे काय झाले? साध्या मुलांचा आकडा कौतुकाने वर गेला, तसा कोणाचाही जाईल. अतिचंचल मुलांचा खाली आला! कौतुक झाल्यावर त्यांना फुशारकीची गरज उरली नाही. आपण अगदी उलटे करतो. पोर बढाई मारते, म्हणून चारचौघांत तिला टाचणी लावतो, आणि वर म्हणतो की खोड मोडली. मी त्या पोराच्या तोंडावर पाणी उडवून घेतले तेव्हा त्याचे कुंपण मोडले नव्हते, आणखी दोन हात उंच झाले होते.

याचा अर्थ पोराला उगाच डोक्यावर घ्या असा नाही. "वा, किती हुशार!" असली मोघम तारीफ त्यालाही खोटी वाटते. जे काम झाले तेवढ्याचेच नाव घ्यावे. "आज कालवडीला पाणी वेळेवर दाखवलंस" एवढे पुरे. चूक सांगायची ती एकट्यात सांगावी. आणि मारू नये. शाळेत मारणे तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदच आहे. घरात कायदा यायची वाट कशाला पाहता?

आता याच्या उलट लेकरू. हे शेखी मारत नाही, कोपऱ्यात बसते आणि म्हणते, "मला काहीच येत नाही." मुलींत हे जास्त झाकून जाते, कारण गप्प मुलीला आपण गुणी म्हणतो. मघाच्याच अभ्यासात असेही दिसले, की ज्या अतिचंचल मुलांच्या मनावर उदासी चढली होती, त्यांचा फुगवटा ओसरलेला होता. तेव्हा एखादे बढाईखोर पोर एकाएकी गप्प झाले, खाणे-झोपणे बिघडले, आवडीचा खेळ सोडला, तर शहाणे झाले म्हणून निर्धास्त राहू नका. "मी मेलो तर बरं" असे लेकराच्या तोंडून आले तर ते नाटक समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आणि हे मी कृषी खात्याचा माणूस म्हणून हात जोडून सांगतो: कीटकनाशकाची बाटली माडीवर, गोठ्यात, कणगीमागे ठेवू नका. कुलूपबंद पेटीत ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ बाळगा. तालुक्यात मी ज्या काही अंत्ययात्रांना गेलो आहे, त्यांतल्या दोन या एका किल्लीपायी झाल्या.

दाखवायचे कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते आणि अंगणवाडीत दोनदा. त्या दिवशी पोराला रानात नेऊ नका, आणि पथकातल्या डॉक्टरांना वागण्याचेही सांगा, नुसते दात आणि वजन नव्हे. तेथून जिल्ह्याच्या केंद्राकडे चिठ्ठी मिळू शकते. 14416 हा टेलिमानस योजनेचा फोन 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू झाला आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस लागतो आणि मराठीत बोलता येते. औषध द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. भगताकडे कोंबडे घेऊन जाण्याआधी एवढे करून पाहा.

त्या पोराचे पुढे काय झाले, हे विचाराल. उपचार चालू झाला. ताईंनी बापाला सांगितले होते की त्याला रोजचे एखादे छोटे काम द्या, ज्याचा निकाल डोळ्यांनी दिसेल. बापाला काम सुचेना, म्हणून मी सुचवले. त्यांची दोन एकर कपाशी, एकरी दोन प्रमाणे चार कामगंध सापळे लावलेले. सलग तीन दिवस दर सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले की गुलाबी बोंडअळीवर उपाय करायची वेळ झाली, हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्यासाठी रोज मोजायला हवे, आणि रोज मोजायला मोठ्या माणसाला सवड नसते. ते काम त्याला दिले. फवारणीच्या दिवशी आणि नंतरही काही दिवस रानात पाय ठेवायचा नाही, आणि आल्यावर साबणाने हात धुवायचे, या दोन अटींवर.

वहीत मी दोन रकाने आखून दिले. पहिल्यात सापळा उघडण्याआधीचा अंदाज, दुसऱ्यात मोजलेला आकडा. पहिल्या दिवशी अंदाज लिहिला पन्नास, निघाले सहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नास, निघाले चार. कोणी हसायचे नाही एवढेच बापाला बजावले होते, आणि त्या माणसाने ते पाळले. त्याला ते सोपे गेले नसेल. तिसऱ्या आठवड्यात अंदाज दहावर आला. मध्ये चार दिवस वही कोरी आहे, त्या दिवसांत तो शाळेत कोणाचे तरी डोके फोडून बसला होता. कामगंध सापळ्याने पोर सुधारले, असे मी लिहिणार नाही. पण त्या हंगामात बापाने फवारणी करायची की नाही हे पोराची वही पाहून ठरवले, आणि हे तो पारावर सगळ्यांना सांगायचा.

दसऱ्याच्या सुमारास मी वही पाहायला गेलो. चारही सापळ्यांची बेरीज आणि शेजारी दर सापळ्याची सरासरी, असे नवे रकाने दिसले. सरासरीचे अक्षर वेगळे होते. मी म्हणालो, "हे कोणी केलं?" ते पोर खाली पाहून म्हणाले, "बेरीज माझी. भागाकार ताईचा हाय. मला भागाकार येत नाही."

बापाचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरगं खचलं का हो, साहेब? असं कधी बोलत नव्हतं." मीही पोराकडे पुन्हा एकदा नीट पाहिले. पण ते खचलेले नव्हते. वही माझ्यापुढे ढकलून ते वाट पाहत उभे होते. त्या दिवसाची बेरीज 31 होती. आम्ही ओट्यावर बसलो. चार साते अठ्ठावीस इथपर्यंत ते आले आणि अडले. उरलेले तीन पतंग चार सापळ्यांत कसे वाटायचे, ते त्याला कळेना. पतंगाचे तुकडे करायचे का, असे त्याने विचारले, आणि खरे सांगायचे तर तो प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता. आठाला पाव कमी, असा हिशेब निघाला. फवारणी त्या दिवशी झाली नाही.